एका सामन्यात ३१ गोल कसे होतात?

विश्वचषक फुटबॉलची चर्चा सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक जुना स्कोअर हमखास फिरायला लागतो: ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. २०२६ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या ३२ वरून ४८ झाली, तेव्हापासून तर हा स्कोअर पुरावा म्हणून पुढे केला जातो. लहान देशांना आत घेतलं की असं होतं, असा त्याचा रोख असतो.

माझा भाचा शाळेच्या संघात गोलकीपर आहे. त्याने तो मेसेज वाचला आणि मला विचारलं, "मामा, त्यांचा गोली झोपला होता का?"

झोपला नव्हता. त्या दिवशी मैदानावर सगळ्यात जास्त राबलेला माणूस तोच होता. मग ३१ गोल झाले कसे? त्याला समजेल असं उत्तर द्यायचं तर सामन्याच्या बऱ्याच आधीपासून सुरुवात करावी लागते, कारण त्यातले निम्मे गोल मैदानात कुणी उतरण्याआधीच कागदावर ठरले होते असं माझं मत आहे.

त्या दिवशी काय झालं?

तारीख ११ एप्रिल २००१. ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं कॉफ्स हार्बर हे समुद्रकाठचं शहर. २००२ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी सुरू होती, म्हणजे मुख्य स्पर्धेत कोण खेळणार हे ठरवणारे आधीचे सामने. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या क्रमवारीत ऑस्ट्रेलिया तेव्हा ७५ वा होता. अमेरिकन सामोआ २०३ वा, म्हणजे शेवटचा.

पहिली दहा मिनिटं स्कोअर ०-० होता. हे कुणी फॉरवर्ड करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. दहाव्या मिनिटाला कॉन बुत्सियानिसने कॉर्नरवरून पहिला गोल केला आणि मग बांध फुटला. मध्यंतराला १६-०, अखेरीस ३१-०. एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. आंतरराष्ट्रीय सामन्यात एका खेळाडूचे सर्वाधिक गोल तोवर दहा होते. हा विक्रम डेन्मार्कच्या सोफस नील्सनने १९०८ च्या आणि जर्मनीच्या गॉटफ्रीड फुक्सने १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये केला होता. म्हणजे जवळपास नव्वद वर्षं टिकलेला विक्रम एका सामन्यात मागे पडला. थॉम्पसनच्याच जोडीला डेव्हिड झ्द्रिलिकने आठ गोल केले.

गोल इतक्या वेगाने होत होते की मोजणाऱ्यांचाही घोळ झाला. मैदानावरच्या फलकावर ३२ असा आकडा लागला होता. पंचांच्या नोंदीत ३१ होते आणि तेच अधिकृत ठरले.

अमेरिकन सामोआच्या मुलांनी ८६ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या गोलवर एक जोरदार फटका मारला. तो अडला. पण एकोणतीस गोल खाल्लेला संघ चार मिनिटं उरलेली असताना पुढे धावत जाऊन फटका मारतो, ही गोष्ट मला त्या तेरा गोलांपेक्षा मोठी वाटते.

हे दोन संघ समोरासमोर आलेच कसे?

फिफाने जगाचे सहा विभाग पाडले आहेत. प्रत्येक विभागाचा एक महासंघ असतो आणि विश्वचषकाच्या जागा महासंघांना वाटून दिलेल्या असतात. पॅसिफिक महासागरातल्या देशांचा महासंघ म्हणजे ओशनिया. २००१ मध्ये ऑस्ट्रेलिया याच महासंघात होता. एका बाजूला युरोपातल्या क्लबांमध्ये खेळणारे व्यावसायिक खेळाडू बाळगणारा देश, दुसऱ्या बाजूला टोंगा, सामोआ, फिजी यांसारखी बेटं.

ओशनियाला तेव्हा विश्वचषकात पूर्ण जागासुद्धा नव्हती, अर्धी होती. अर्धी जागा म्हणजे रेल्वेचं आरएसी तिकीट समजा. गाडीत चढता येतं, पण बर्थ मिळेलच असं नाही. ओशनियाच्या विजेत्याला दक्षिण अमेरिकेतल्या पाचव्या क्रमांकाच्या संघाला हरवावं लागायचं, तेव्हा कुठे विश्वचषकाचं दार उघडायचं.

या अर्ध्या जागेसाठीच्या फेरीत कमजोर संघांची आधी आपसात चाळणी लावण्याची सोय नव्हती. पहिल्या दिवसापासून बलाढ्य आणि दुबळे एकाच गटात. ऑस्ट्रेलिया, फिजी, टोंगा, सामोआ आणि अमेरिकन सामोआ या पाच संघांनी एकाच शहरात, दहा दिवसांत सगळे सामने उरकायचे होते. अमेरिकन सामोआच्या वाट्याला आठ दिवसांत चार सामने आले. ३१-० च्या दोनच दिवस आधी ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२-० ने हरवून नवा जागतिक विक्रम केला होता. तो विक्रम ४८ तास टिकला.

बोनाफाईड आणले का?

शालेय स्पर्धांना मुलं घेऊन गेलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वर्षभर सराव केलेला संघ, पहाटेची एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी पोचलेला. टेबलामागचे गृहस्थ बोनाफाईड, जन्मदाखला, आधार मागतात, आणि चार मुलांचे कागद जुळत नाहीत. मग राखीव मुलांना बूट चढवायला सांगितलं जातं. माझ्या भाच्याचा पहिला सामना त्याने असाच खेळला, दुसऱ्याचे हातमोजे घालून.

अमेरिकन सामोआचं हेच झालं, फक्त चार नव्हे तर एकोणीस जणांच्या बाबतीत.

अमेरिकन सामोआ हा स्वतंत्र देश नाही, अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे. २००० च्या जनगणनेत तिथे जेमतेम ५७ हजार माणसं होती. शेजारीच सामोआ हा स्वतंत्र देश आहे. भाषा एक, नातीगोती एक, लोकांचं येणं-जाणं रोजचं. त्यामुळे वर्षानुवर्षं इकडे राहणाऱ्या अनेकांकडे पासपोर्ट तिकडचा असतो. फिफाने ऐनवेळी स्पष्ट केलं की या संघाकडून खेळायचं तर अमेरिकी पासपोर्ट हवा. मूळ संघातल्या वीस जणांपैकी फक्त एक खेळाडू या नियमात बसला. तो म्हणजे गोलकीपर निकी सलापू, वय वर्षं वीस.

मग वीस वर्षांखालचा संघ पाठवायचा विचार झाला, तर त्यातल्या बहुतेकांची शाळेची परीक्षा. शेवटी प्रशिक्षक टुनोआ लुई यांनी मिळतील ती पोरं गोळा केली. त्यात तिघे पंधरा वर्षांचे होते. संघाचं सरासरी वय अठराच्या आसपास. काहींनी आयुष्यात पूर्ण ९० मिनिटांचा सामना खेळलेला नव्हता.

यांनी विमान पकडलं आणि ऑस्ट्रेलियाला गेले.

मान्य, पण हरायचं तर दहा-बाराने. एकदम ३१?

फुटबॉलमध्ये साधारणपणे गोल कमी होतात, म्हणून दुबळ्या संघालाही नशिबाची साथ मिळू शकते. एखादा चेंडू खांबाला लागतो, एखादा पाय मध्ये येतो, आणि मोठा संघ १-० वर अडकतो. हे संरक्षण दोन संघांतलं अंतर एका मर्यादेत असेल तोवरच टिकतं.

शेताच्या बांधाचं उदाहरण घ्या. पाणी बांधाच्या खाली चार बोटं असो की चार फूट, शेत कोरडंच राहतं. पाणी वरून वाहायला लागलं की मात्र बांधाची मातीच धुपते, भगदाड मोठं होत जातं, आणि दर मिनिटाला आत येणारं पाणी वाढत जातं. मैदानावर ही धूप दमछाकीतून होते. बचाव करणाऱ्या संघाचे खेळाडू चेंडूमागे धावतात, तर चेंडू ताब्यात असलेल्या संघाचे खेळाडू बऱ्याच वेळा उभ्याउभ्या पास देतात. पोरांनी पाच दिवसांत खेळलेला हा तिसरा सामना होता. बदली खेळाडूही तेव्हा तीनच उतरवता यायचे.

फुटबॉलचा एक नियम इथे उलटा लागू पडतो. गोल खाल्ला की मधल्या रेषेवरून चेंडू तुम्हाला मिळतो. हा खरं तर हरणाऱ्याला दिलासा. पण दोन पासांत चेंडू हातचा जाणार असेल, तर ती सुरुवातच पुढच्या गोलची सुरुवात ठरते.

आता साधा हिशेब करू. पहिला गोल दहाव्या मिनिटाला, शेवटचा ८९ व्या. म्हणजे ३१ गोल साधारण ८० मिनिटांत. प्रत्येक गोलनंतर चेंडू जाळ्यातून काढून मध्ये नेऊन खेळ सुरू करायला समजा ४० सेकंद लागले, तर वीस मिनिटं यातच गेली. उरली साठ. दर दोन मिनिटांच्या खेळामागे एक गोल. गोलकीपरच्या जागी उभं राहून हे बघा: चेंडू जाळ्यातून काढायचा, लाथ मारून मध्ये पाठवायचा, श्वास घ्यायचा, आणि तो परत समोर आलेला असतो. एकतीस वेळा.

आणखी एक गंमत आकड्यांतच दडली आहे. याच अमेरिकन सामोआला फिजीने १३-०, सामोआने ८-० आणि टोंगाने ५-० ने हरवलं. ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२ ने हरवलं होतं. २२ आणि ५ मिळून २७ होतात. म्हणजे ३१ हा आभाळातून पडलेला आकडा नव्हता, आठवडाभराचे सगळे निकाल मागाहून एकत्र पाहिले तर तो त्यांच्याशी बराचसा जुळतो.

ऑस्ट्रेलियाने पंधरावर थांबायला नको होतं का?

हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि मलाही तो पूर्ण खोडता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या बाजूने एक कारण होतं: गोल फरक. क्रिकेटमध्ये दोन संघांचे गुण सारखे झाले की नेट रनरेट बघतात, तसं फुटबॉलमध्ये केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून जो आकडा येतो तो बघतात. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि फिजीविरुद्धचा सामना अजून बाकी होता. तो बरोबरीत सुटला असता तर गोल फरक कामाला आला असता. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाने तो २-० ने जिंकला आणि हिशेबाची गरज पडली नाही, पण हे ११ तारखेला कुणाला माहीत असणार?

दुसरी गोष्ट थॉम्पसनची. मार्क व्हिडुका, हॅरी केवेल यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू त्या दिवशी संघात नव्हते. राखीव फळीतल्या खेळाडूला मिळालेली ती संधी होती आणि तो धावत राहिला. सामन्यानंतर तो आणि प्रशिक्षक फ्रँक फरिना दोघांनीही आनंदापेक्षा प्रश्न जास्त मांडला: असे सामने भरवायचेच कशाला?

आणि मुद्दाम खेळ थांबवणं म्हणजे काय, हेही बघायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलासमोर चेंडू नाचवत, हसत, वेळ काढत वीस मिनिटं फिरवणं हा मला ३१ गोलांपेक्षा मोठा अपमान वाटतो. समोरच्याला खरा प्रतिस्पर्धी मानून खेळणं यातही आदर असतो. माझा भाचा मात्र याच्याशी सहमत नाही. तो म्हणतो, तुम्ही गोलमध्ये उभे राहिला नाहीत.

पंच सामना थांबवू शकले नसते का?

नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटणं साहजिक आहे, कारण आपल्या खेळांत ही सोय आहे. खो-खोत मोठी आघाडी असलेला संघ समोरच्याला पुन्हा आक्रमण करायला लावतो आणि 'एक डाव राखून' जिंकतो. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या नियमांत अशी तरतूद नाही. एखाद्या संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तरच सामना पुढे चालू शकत नाही.

आणि सगळ्यात मला टोचणारा मुद्दा हा: आजच्या फिफा नियमांप्रमाणे, सामन्याला उतरलाच नाही अशा संघाचा पराभव साधारण ०-३ असा नोंदवला जातो. म्हणजे घरी बसलात तर तीन, आणि परीक्षा नसलेली पोरं जमवून, समुद्र ओलांडून, उतरलात तर एकतीस.

ब्राझीलचं १-७ सुद्धा असंच का?

नाही, ते वेगळं दुखणं आहे. ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंचीत जर्मनीने यजमान ब्राझीलला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ७-१ ने हरवलं. दोन्ही संघ तोलामोलाचे. नेमार जखमी, कर्णधार थियागो सिल्वावर एका सामन्याची बंदी, आणि घरच्या प्रेक्षकांचं प्रचंड दडपण. २३ व्या ते २९ व्या मिनिटात चार गोल झाले. तिथे संघाची घडी विस्कटली. तोच सामना आठवड्याने पुन्हा खेळवला असता तर वेगळा निकाल लागू शकला असता. कॉफ्स हार्बरचा सामना दहा वेळा खेळवला असता तरी आकडाच थोडाफार बदलला असता.

मग लहान देशांना या स्पर्धेत घ्यावंच का?

व्हॉट्सॲपवरच्या मेसेजचा खरा मुद्दा हा, आणि त्यावर मी ठामपणे सांगतो: घ्यावं. आपलाच इतिहास बघा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ ने हरला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. सप्टेंबर १९५५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत संघाने आपल्याला ११-१ ने हरवलं. तेव्हा कुणी भारताला खेळूच देऊ नका म्हटलं असतं, तर पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ ने हरवलेलं दिसलं नसतं. त्या सामन्यात हॅटट्रिक केली ती मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझांनी. भारत त्या स्पर्धेत चौथा आला.

प्रश्न लहान देशांना घ्यायचं की नाही हा नसून कोणत्या पायरीवर घ्यायचं हा आहे. बालवाडीतल्या मुलाला शाळेत घ्यायचंच, पण बारावीच्या वर्गात बसवायचं नाही. युरोपात २०१८ पासून नेशन्स लीगमध्ये संघांची ताकदीनुसार विभागणी केली जाते. सॅन मरिनो हा चिमुकला देश, २००६ मध्ये जर्मनीकडून १३-० ने हरलेला. २०२४ मध्ये त्याने आपल्या तोडीच्या लिश्टेनश्टाइनला हरवून स्पर्धात्मक सामन्यातला पहिलाच विजय मिळवला.

३१-० नंतर ओशनियात काय बदललं?

पुढच्या पात्रता फेरीत लहान बेटांचे सामने आधी झाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड नंतर दाखल झाले. एका फटक्यात सगळं सुधारलं असं नाही. अमेरिकन सामोआने त्यानंतरही दोन आकडी पराभव पाहिले.

ऑस्ट्रेलियाचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. गटात चार सामन्यांत ६६ गोल, एकही खाल्ला नाही. न्यूझीलंडलाही हरवलं. मग आरएसीचं तिकीट घेऊन उरुग्वेसमोर उभे राहिले: मेलबर्नमध्ये १-० ने जिंकले, मोंतेव्हिदेओत ०-३ ने हरले, आणि २००२ चा विश्वचषक घरी बसून पाहिला. २२-० आणि ३१-० च्या सामन्यांतून त्यांची उरुग्वेसाठी तयारी काय होणार होती? १ जानेवारी २००६ पासून ऑस्ट्रेलियाने ओशनिया सोडून आशियाई महासंघात जागा घेतली. २०२६ पासून ओशनियाला अखेर एक पूर्ण जागा मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये न्यूझीलंडने ती पटकावली.

आणि तो गोलकीपर? २२ नोव्हेंबर २०११ ला सामोआची राजधानी आपिया इथे, विश्वचषक पात्रतेच्या पहिल्या फेरीत अमेरिकन सामोआ टोंगाविरुद्ध उतरला. फिफाचं सदस्यत्व मिळाल्यापासून या संघाने एकही सामना जिंकला नव्हता. गोलमध्ये निकी सलापूच होता, आता एकतीस वर्षांचा. बचावात जाया सेलुआ होती, विश्वचषक पात्रता सामन्यात उघडपणे खेळलेली पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू. मध्यंतराच्या जरा आधी पहिला गोल, ७४ व्या मिनिटाला दुसरा. ८८ व्या मिनिटाला टोंगाने एक फेडला. २-१ वर सामना संपला.

दुसरा गोल शालोम लुआनी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने केला होता. पुढे तो अमेरिकेत शिकायला गेला आणि २०१७ मध्ये ओकलंड रेडर्सने त्याला निवडलं. ते मात्र हेल्मेट घालून हाताने खेळायच्या अमेरिकन फुटबॉलसाठी. बेटावरची दणकट पोरं आजही आधी त्याच मैदानाकडे वळतात.